संगीत शिकवणाऱ्यांचे कागद रद्दीत जाण्याआधी : मुंबई विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य,
मुंबई विद्यापीठ, मुंबई.

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र लांबलं तरी मुद्दा हरवणार नाही. या शहरात ज्यांनी गायलं-वाजवलं आणि त्याच जोडीला कॉलेजांत, विद्यापीठांत संगीत शिकवलं, त्यांचे खासगी कागद जपणारा एक संग्रह आपल्या ग्रंथालयात सुरू करावा. त्यांना आलेली पत्रं, त्यांनी लिहिलेली पत्रं, स्वरलिपीच्या वह्या, वर्गावर जाण्याआधी काढलेली टिपणं, परीक्षकांचे शेरे, हे सगळं. आणि हे लवकर करावं, कारण गिरगावात आणि दादरला जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करताना तानपुरा कोणी टाकत नाही. पुस्तकंही एखाद्या वाचनालयाला दिली जातात. पत्रांचे गठ्ठे मात्र पहिल्या फेरीतच रद्दीवाल्याच्या तराजूवर चढतात. नातवंडांना अक्षर लागत नाही, मजकुरातली माणसं माहीत नसतात आणि भाड्याच्या तात्पुरत्या घरात जागा नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे कागद घ्या असं म्हणणारं एकही दार त्यांना ठाऊक नाही.

मी स्वतः गाणं शिकलेली आहे. ज्यांच्याकडे शिकले त्या आमच्या बाई मुंबईतल्याच एका महाविद्यालयात संगीताच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्या पत्रांबद्दल पुढे लिहिते. आधी एका मोठ्या माणसाबद्दल लिहायला हवं, कारण या मागणीचं खरं वजन तिथे आहे.

पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, म्हणजे सगळ्यांचे अण्णासाहेब. जन्म मुंबईचा, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरचा. लहानपणी कृष्णभट होनावर यांनी त्यांच्याकडून स्वर घोटवून घेतले, मग अनंत मनोहर जोशी यांची तालीम मिळाली, पुढे संगीतशास्त्रकार पं. विष्णु नारायण भातखंडे भेटले आणि भातखंड्यांनीच त्यांना बडोद्याला उस्ताद फैयाज खाँसाहेबांकडे पाठवलं. एकीकडे खाँसाहेबांच्या आग्रा घराण्याची नोमतोम (आलापीची पद्धत) आणि बोलबनाव (शब्दांशी खेळत गाणं), दुसरीकडे विल्सन कॉलेजातून बी. ए. म्हणजे ते आपल्याच विद्यापीठाचे पदवीधर. लखनौला १९२६ साली मॅरिस कॉलेज हे संगीताचं कॉलेज सुरू झालं. दोनच वर्षांनी तिथल्या प्राचार्यपदाची जबाबदारी अण्णासाहेबांवर आली आणि त्यांनी ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाहिली. पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे ते कुलगुरू झाले. १९५७ साली पद्मभूषण मिळालं. १९७४ साली मुंबईतच गेले.

हे एवढं कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. पण ज्या माणसाने के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर, व्ही. जी. जोग असे शिष्य तयार केले, तो शिकवायचा कसा? सकाळी वर्गात वीस मुलांना एकच राग, संध्याकाळी घरी दोघा-तिघांना तोच राग वेगळ्या अंगाने, हे त्यांनी कसं जमवलं? कॉलेजच्या वेळापत्रकात घराण्याची तालीम बसवताना कुठे तडजोड केली आणि कुठे हट्ट धरला? ग्रंथांत सिद्धान्त आहेत, बंदिशींच्या संग्रहांत बंदिशी आहेत. रोजच्या अडचणी माणूस लिहितो तो पत्रात, नाहीतर डायरीत.

भातखंड्यांचंच बघा. वाळकेश्वरला जन्मलेला हा वकील १९०४ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा कोणत्या पंडिताला काय विचारलं आणि कोणी काय उत्तर दिलं, हे रोजनिशीत टिपत गेला. लखनौचं कॉलेज उभं राहत असताना त्या कामातले त्यांचे सहकारी राय उमानाथ बली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. ती पत्रं कोणीतरी सांभाळली, म्हणून आज संशोधकांना भातखंड्यांच्या चिंता, संताप, पैशाची चणचण आणि माणसांबद्दलची मतं त्यांच्याच शब्दांत वाचता येतात. चार भागांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त गुरू-शिष्याच्या संवादातून शांतपणे बोलणारे भातखंडे आणि पत्रांतले भातखंडे एकत्र ठेवले की मगच पुरता माणूस दिसतो. त्यांच्याबद्दल कडाडून टीका करणाऱ्यांनाही आधार याच कागदांचा घ्यावा लागला. कागद असले म्हणजे वाद तरी नीट घालता येतो.

अण्णासाहेबांच्या बाबतीत एक वाद मला फार टोचतो. १९५०च्या दशकात बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री होते. तेव्हा आकाशवाणीवर कोणी गायचं-वाजवायचं आणि कोणत्या श्रेणीत, हे ठरवण्यासाठी कलावंतांच्या चाचण्या सुरू झाल्या आणि त्या मंडळाचं अध्यक्षपद रातंजनकरांकडे आलं. उभी हयात मैफली केलेल्या लोकांना परीक्षा देण्याचा प्रसंग आला. त्यांना ते अपमानास्पद वाटलं. निषेध झाला, बहिष्काराची भाषा झाली. आजही जुन्या लोकांत हा विषय निघाला की आवाज चढतो. मला स्वतःला वाटतं की त्या चाचण्यांची पद्धत चुकीची होती. तयार कलावंताला रागाचे नियम विचारून त्याची कला मोजता येत नाही. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय वाटत होतं? त्याने काही बदलायचा प्रयत्न केला होता का? त्याच्यावर कोणाचा दबाव होता का? कोणत्या मित्राने त्याला काय लिहिलं आणि त्याने काय उत्तर दिलं? आपल्याकडे या वादाच्या आठवणी आहेत, आणि आठवणी सांगणारी माणसंही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली आहेत. अण्णासाहेबांचं बरंच काही शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी जिवापाड सांभाळलं, त्यांचे लेख छापले, बंदिशी छापल्या. त्यांचे उपकार आहेतच. तरी इतक्या मोठ्या कामाचा भार मूठभर निष्ठावंतांच्या खिशावर आणि त्यांच्या घरातल्या कपाटांवर किती दिवस टाकायचा?

बंदिशींचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. अण्णासाहेब ‘सुजन’ या नावाने बंदिशी बांधत. केदार बहार, सालगवराळी यांसारखे राग त्यांच्या नावावर आहेत. एखादी बंदिश कोणी, कधी, कोणत्या निमित्ताने बांधली आणि पहिल्यांदा कोणाला शिकवली, हे तारखेनिशी सांगणारी जागा बहुतेक वेळा पत्रच असते. ‘ही नवीन चीज पाठवतो आहे, बसवून बघ’ अशा दोन ओळी आणि खाली स्वरलिपी. पुढे पन्नास वर्षांनी तीच बंदिश पारंपरिक म्हणून गायली जाते किंवा भलत्याच्याच नावावर जाते, आणि खरं काय ते सिद्ध करायला कोणाकडे काही नसतं.

आता बाईंबद्दल.

बाई मैफली गात, पण त्यांचं नाव मोठं झालं नाही. आयुष्य शिकवण्यात गेलं. त्या गेल्यावर पुतण्याने घर आवरताना मला बोलावलं आणि एक पत्र्याची ट्रंक दाखवली. वर जुन्या साड्या आणि खाली पत्रं. पोस्टकार्डं, निळी अंतर्देशीय पत्रं, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे लखोटे, आणि बाईंनी स्वतः पाठवलेल्या बऱ्याच पत्रांच्या कार्बन प्रती. ही त्यांची शिस्त होती, टाइपरायटरवर लिहीत आणि खाली कार्बन लावत. म्हणजे पत्रव्यवहाराच्या दोन्ही बाजू त्या ट्रंकेत आहेत, आणि हे फार क्वचित घडतं.

त्यातलं एक अंतर्देशीय पत्र सांगते. बाहेरगावी नोकरीला लागलेल्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं की पूरिया गायला लागले की मारवा होतो, काय करू? पूरिया, मारवा आणि सोहनी यांचे स्वर तेच : कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य. फरक पडतो तो कुठे थांबायचं आणि कुठल्या सप्तकात वावरायचं यात. बाईंच्या उत्तराची कार्बन प्रत जोडलेली आहे. त्यात त्यांनी एकही व्याख्या दिलेली नाही. सहा छोटे स्वरसमूह लिहिलेत, सगळे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादापासून गांधारापर्यंतचे, आणि खाली लिहिलंय की आठ दिवस यापलीकडे जायचं नाही, रिषभावर आणि धैवतावर पाय ठेवायचा नाही, ते फक्त वाटेतले आहेत, गांधारावर आणि निषादावर बस. आठ दिवसांनी मध्यम घे. आणि शेवटी : ‘कामावरून थकून आलीस तर गाऊ नकोस, नुसता तानपुरा लाव आणि ऐक.’

हे मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. पाठ्यपुस्तकात आरोह, अवरोह, वादी, संवादी आणि पकड मिळते. आठ दिवस यापलीकडे जायचं नाही, हे त्या एका मुलीसाठी लिहिलेलं होतं, आणि म्हणूनच शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

त्या प्रतीवर टाइप केलेल्या अक्षरांखाली बाईंनी पेनाने आडव्या रेघा ओढल्या आहेत. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. ज्याला हे माहीत नाही तो सूचीकार ती रेघ ठळकपणासाठी मारली आहे असं समजेल, किंवा स्कॅन करताना खालचं टिंब डाग म्हणून पुसून टाकेल, आणि मंद्रातला निषाद मध्य सप्तकात येऊन बसेल. म्हणून हे काम नुसत्या ग्रंथपालाकडून होणार नाही आणि नुसत्या गायकाकडूनही होणार नाही. दोघांना शेजारी बसावं लागेल. आपल्या विद्यापीठात दोन्ही आहेत. संगीत विभाग आहे, ज्याचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे होते, गाणारा माणूस आणि शास्त्र लिहिणारा माणूस एकच असू शकतो हे त्यांनी या शहराला दाखवून दिलं. आणि ग्रंथालय तर आहेच. तिथे अरबी-फारसी हस्तलिखितं जपली जातात, तर मराठी पोस्टकार्डं का जपू नयेत?

मी ती ट्रंक घेऊन एका नावाजलेल्या संस्थेत गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यात कोणा एकाची चूक नाही. तिथल्या गृहस्थांनी आपुलकीने चहा दिला, ट्रंक उघडून वरची दोन-तीन पत्रं पाहिली आणि म्हणाले, ‘ताई, पुस्तकं असतील तर द्या, रेकॉर्डिंग असेल तर अवश्य द्या. चिठ्ठ्या आम्ही कुठल्या रकान्यात दाखल करणार?’ त्यांचं खरं होतं. त्यांच्या नोंदवहीत तसा रकानाच नव्हता. मुंबईत गाण्याचा आवाज जपायची व्यवस्था पुष्कळ झाली. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचा (एनसीपीए) ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे, आकाशवाणीचा आहे, खासगी संग्राहकांकडे तर खजिने आहेत. आवाजाची किंमत आपल्याला कळली. त्या आवाजामागे जे शिकणं-शिकवणं झालं, त्याच्या कागदांची किंमत अजून कळायची आहे.

आणि त्यातही बायकांच्या कागदांची. डॉ. प्रभा अत्रे मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. विज्ञान आणि कायदा शिकलेल्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांची तालीम घेतलेल्या, सरगमवर डॉक्टरेट केलेल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांनी स्वतः भरपूर लिहून ठेवलं, म्हणून त्यांचा विचार आपल्याकडे शिल्लक आहे. पण त्यांच्या पिढीत मुंबईच्या महाविद्यालयांतून गाणं शिकवणाऱ्या आणखी किती जणी होत्या, ज्यांना पुस्तक लिहायला ना वेळ मिळाला ना प्रकाशक! त्यांचं सगळं म्हणणं पत्रांत आहे. बाईंच्या ट्रंकेत एका मैत्रिणीचं पत्र आहे. सासरी संध्याकाळी रियाजाला बसता येत नाही, म्हणून कॉलेजची किल्ली मागून घेऊन सकाळी सातला वर्गात बसते, शिपाई चांगला आहे, असं तिने लिहिलंय. महाराष्ट्रातल्या संगीतशिक्षणाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला त्या किल्लीबद्दल माहिती हवी की नको?

संस्था बुडाली की काय होतं ते या शहराने पाहिलं आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये ते मुंबईत आले आणि इथे कर्ज काढून इमारत उभी केली. ते कर्ज फिटलं नाही आणि इमारतीचा लिलाव झाला. परंपरा शिष्यांनी पुढे नेली, बी. आर. देवधर मास्तरांनी ऑपेरा हाऊसजवळ आपली शाळा चालवली आणि लहानगा कुमार गंधर्व तिथे वाढला. गाणं टिकलं, कारण ते गळ्यात होतं. कागदाला गळा नसतो.

आता व्यवहाराचं थोडं. कुटुंबं कागद द्यायला कचरतात त्याला कारणं आहेत. पत्रांत आजारपणं असतात, उसनवारी असते, एका बुवांनी दुसऱ्या बुवांबद्दल लिहिलेलं असतं. तेव्हा देणाऱ्याला सांगता आलं पाहिजे की हा गठ्ठा अमुक वर्षं उघडायचा नाही, आणि विद्यापीठाने तो शब्द पाळला पाहिजे. दुसरं, कायद्याने पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. त्यामुळे जपणं, वाचायला देणं आणि छापणं या तीन वेगळ्या परवानग्या ठेवाव्या लागतील. दान घेताना सही करायच्या कागदावर हे साध्या मराठीत लिहिलेलं असावं, वकिली मराठीत नको.

कागद सांभाळण्याची विद्या लांबून आणायची गरज नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मुंबईच्या सरकारी दप्तराची ही परंपरा १८२१ पासूनची. त्यांच्याशी करार करून सल्ला घेता येईल. आमच्यासारख्या घरगुती माणसांना तर अगदी साध्या गोष्टी कोणी सांगितल्या तरी पुरे : गंजलेल्या टाचण्या काढा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन मुळीच करू नका, पावसाळ्यात ट्रंक जमिनीवर ठेवू नका, पत्रं पाकिटातून काढलीत तर पाकीट फेकू नका, कारण तारखेचा शिक्का त्यावर असतो. विद्यापीठाने एवढं एक पत्रक छापून गायनवर्गांतून वाटलं तरी या पावसाळ्यात पुष्कळ काही वाचेल.

आणि मनुष्यबळ म्हणाल तर संगीतात एम. ए. करणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रकल्प करावाच लागतो. तोच तोच इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर त्यांच्याकडून लिहून घेण्यापेक्षा एकेका मुलाला एकेक गठ्ठा द्या. अक्षर लावून घ्या, तारखा लावून घ्या, पत्रात आलेली बंदिश गाऊन ध्वनिमुद्रित करून घ्या. शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. बाईंची पत्रं वाचताना मी जे शिकले ते त्यांच्यासमोर बसून शिकताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हा मी त्यांच्या गळ्याकडे लक्ष देत होते, त्या विचार कसा करतात याकडे नाही.

यासाठी नवी इमारत नको. कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात एक कोरडी खोली, काही लोखंडी कपाटं, आम्लमुक्त कागदाची पाकिटं, एक स्कॅनर, एक प्रशिक्षित ग्रंथपाल आणि संगीत विभागातला एक जाणकार, इतक्यावर सुरुवात होईल. व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय चर्चेला घ्यावा आणि काय ठरलं ते जाहीर करावं, ही विनंती. नकार असेल तर तोही कारणांसह कळवावा, म्हणजे आम्हाला दुसरं दार ठोठावता येईल.

बाईंची ट्रंक माझ्याकडे आहे. पुतण्याची लेखी संमती घेतली आहे आणि पत्रांची यादी करायला सुरुवात केली आहे. आमचीही चाळ आता रिकामी करायची आहे, तेव्हा दिवाळीच्या आत कळलं तर बरं होईल. बोलावलंत तर यादी घेऊन येते, आणि ज्यांच्या घरी अशाच ट्रंका आहेत त्यांनाही घेऊन येते.

कळावे,
आपली नम्र,
गिरगावातली एक संगीत विद्यार्थिनी